सहा माणसांचा तंबू

तंबू सहा माणसांचा होता आणि त्यात झोपणार होती तिघंच. तो, त्याची बायको आणि मेहुणी. दुकानदाराने तीन माणसांचाही दाखवला होता, पण याला हातपाय पसरून झोपायची सवय. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा तंबू घेतोय तर चांगलाच घेऊ, असं त्याच्या मनाने घेतलं. आत दोन खोल्या, मध्ये पडदा, पुढे बसायला जागा, बाजूंना जाळीच्या खिडक्या. गाडीत बसल्यापासून त्याचं तेच कौतुक चाललं होतं.

"एवढा मोठा आहे तर एक खोली भाड्याने देऊ की," मेहुणी मागच्या सीटवरून म्हणाली.

महोत्सवाची तिकिटं तिनेच काढली होती. सोमवारची सुट्टी जोडून आली होती, उघड्या मैदानात तीन दिवस गाणी, आणि राहायचं तिथेच, तंबू ठोकून. मेहुणी विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून तिचे कान किटले होते. "पैसे देऊन आरडाओरडा ऐकायचा असेल तर निदान तो सुरात तरी असू दे," असं तिचं म्हणणं. बायको पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला सहज पोचायचा. आणि तो स्वतः दातांच्या लॅबमध्ये होता. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवरून तो कवळ्या आणि कॅपा बनवायचा. तोंडावर मास्क, डोळ्यांपुढे भिंग, चिमट्यात कुणा अनोळखी माणसाची दाढ. त्याला माणसं भेटायचीच नाहीत, त्यांचे दात भेटायचे. म्हणून सुट्टीत माणसांत जायचं, असं बायकोने ठरवलं होतं.

मैदानावर पोचल्यावर कळलं की वर गवत असलं तरी खाली खडी आहे. खुंट्या आत जाईनात. हातोडी आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो बुटाच्या टाचेने खुंटी ठोकत बसला होता, तेवढ्यात शेजारच्या तंबूतून एक म्हातारे गृहस्थ हातोडी घेऊन आले.

"ऐका माझं," ते म्हणाले, "बुटाने नाही जायच्या त्या. आणि अशा सरळ तर मुळीच ठोकू नका. वारा आला की पहिला तुमचा तंबू जाईल."

त्यांनी त्याने ठोकलेल्या सगळ्या खुंट्या उपटायला लावल्या. मग एकेक तिरकी धरून, स्वतः गुडघ्यावर बसून, पुन्हा ठोकून दिल्या. दोर ताणले, गाठी बदलल्या. त्यांची बायको घडीची खुर्ची घेऊन बाजूला बसली होती. लहानशी बाई, डोक्यावर कानटोपी, बोलणं बेताचं. दोघं दरवर्षी येत, याच कोपऱ्यात उतरत. त्यांचा तंबू जुना, जाड कापडाचा, जागोजागी ठिगळं लावलेला होता. काका लिफ्ट तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. याचं काम ऐकल्यावर त्यांनी लगेच त्याचं बारसं केलं, "दातवाले."

"सहा माणसं मावतात यात," तो तंबूवर थाप मारत म्हणाला.

"वा," काका म्हणाले. "म्हणजे आमची सोय झाली."

सगळे हसले. काकूही हसल्या.

पण काका एकदाच येऊन थांबले नाहीत. चहा ठेवला की स्टोव्ह वाऱ्याच्या कोणत्या बाजूला ठेवावा हे सांगायला यायचे. पाणी आणायला निघालं की कुठल्या नळाला रांग कमी असते ते सांगायचे. प्रत्येक वेळी सुरुवात "ऐका माझं" अशी. पहिल्याच संध्याकाळी त्याने तंबूत बसून काकांची हुबेहूब नक्कल केली. पावाचा तुकडा वर धरून म्हणाला, "ऐका माझं, पाव असा तिरका धरा. सरळ धरलात तर वारा घेऊन जाईल." बायको हसून हसून गादीवर आडवी झाली.

"हळू रे," ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांना ऐकू जाईल."

नंतर तो जेव्हा जेव्हा या सगळ्याकडे मागे वळून बघायचा, तेव्हा त्याला ही नक्कलही खुपायची. तेव्हा मात्र मजा आली होती.

शनिवार छान गेला. रविवारी दुपारी, एक वाद्यवृंद ऐन रंगात असताना, मैदानाच्या पलीकडून आभाळ काळं होत आलं. वारा सुटला, स्टेजवरचे पडदे फडफडायला लागले, आणि कार्यक्रम थांबवून सगळ्यांनी ताबडतोब आपापल्या तंबूत किंवा गाडीत जावं अशी घोषणा झाली. गाड्या लांब, दोन शेतांपलीकडे. तिघं पळत तंबूत शिरली तोवर पावसाचे सपकारे सुरू झाले होते. पाठोपाठ गारा.

आतून तंबू थरथरत होता. कापड आत दबत होतं, पुन्हा फुगत होतं. पण उभा होता. खुंट्या जागच्या हलल्या नाहीत. मेहुणीने बिस्किटांचा पुडा फोडला, बायकोने कोरडे टॉवेल काढले. दाराच्या चेनच्या खालच्या टोकाला थोडी फट राहिली होती, तिथून पाणी आत उडत होतं. ती बंद करायला तो दाराशी गुडघ्यांवर बसला. चेनचा रनर हातात धरला, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"दातवाले! आहात का आत?"

त्याने मान वर केली. कापडावर दोन सावल्या पडल्या होत्या, एक उंच, एक ठेंगणी.

"अहो, आमचा तंबू गेला. जरा घेता का आत?"

रनर त्याच्या चिमटीत होता. वर ओढायचा, एवढंच काम. पण त्याच्या डोळ्यांपुढे कोरड्या गाद्या आल्या, चिखलाने भरलेले बूट आले, ओल्या कपड्यांतली दोन माणसं आली. आता अख्खी संध्याकाळ "ऐका माझं" ऐकावं लागणार, हेही मनात आलं. नाही म्हणायचं असं काही त्याने ठरवलं नाही. त्याने फक्त हात हलवला नाही.

"काकूंना तरी घ्या हो," बाहेरून काका म्हणाले.

मग रनर हलला. काका बाहेरून वर ओढत होते. बोटभर वर गेला असेल. त्याने मूठ आवळली. रनर थांबला. बाहेरून पुन्हा एकदा ओढ जाणवली, जरा हलकी, विचारल्यासारखी. त्याने सोडला नाही.

कुणीच बोललं नाही. तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा बायकोचा आवाजही फुटला नाही.

बाहेरची ओढ सुटली. "झोपलेत वाटतं," काकांचा आवाज आला. त्या असल्या वादळात. मग सावल्या सरकल्या, पावलं चिखलात पचपचत गेली.

तो तसाच बसून राहिला. मेहुणीच्या हातात अर्धं बिस्किट होतं, ते ना तिला खाता येत होतं ना ठेवता.

"गेले," बायको हळूच म्हणाली.

"सगळं ओलं झालं असतं," तो म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही उघडताय, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "तुम्ही दारातच होतात, म्हणून मी बोलले नाही."

"मग बोलायचं ना."

"मी बोलायचं?"

"आता पुरे," बायको म्हणाली. तरी तो उठून दार उघडू शकला असता. हाक मारू शकला असता, ते फार लांब गेले नसते. पण आता उघडलं तर मघाशी का नाही उघडलं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा बसून राहणं सोपं होतं. तिघं बसून राहिली.

वादळ ओसरल्यावर ती बाहेर आली. शेजारी काकांच्या तंबूच्या जागी गवताचा पिवळा चौकोन तेवढा उरला होता. तंबू दूर कुंपणाला गुंडाळला गेला होता. ठिकठिकाणी माणसं ओले कपडे पिळत होती. मेहुणी शोधत गेली आणि धावतच परत आली. "प्रथमोपचारवाल्यांकडे आहेत. काकू पडल्यात."

काकू एका खाटेवर ब्लँकेट पांघरून बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टी बांधलेली, ओठ निळे पडलेले. काका शेजारी उभे, त्यांच्या कपड्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. तो खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. बायकोला मात्र आता आवाज सापडला.

"अगं बाई, काकू! अहो, आमच्याकडे नाही का यायचं? वाऱ्याचा आवाज एवढा होता, आम्हाला तर बाजूचं काही ऐकूच येत नव्हतं!"

त्याने चटकन काकांकडे पाहिलं. काका बायकोकडे बघत होते. क्षणभर थांबून म्हणाले, "हो ना. वारा फारच होता."

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं त्याच्या लक्षात आलं तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या.

मग तिघांनी मिळून त्या दोघांना तंबूत आणलं आणि त्यांच्यासाठी काय करू नि काय नको असं तिघांना झालं. बायकोने आपले लोकरी कपडे काकूंना दिले. मेहुणीने सूप गरम केलं. त्याने स्वतःची जाडजूड गादी आतल्या खोलीत नेऊन अंथरली, वर आपली पांघरुणंही टाकली. काका सूप प्यायले, आभार मानले, एकदाही "ऐका माझं" म्हणाले नाहीत. तो वाट बघत होता. त्यांनी काहीतरी सांगावं, स्टोव्ह सरकवावा, दोर तपासावेत. काकूंनी सुपाचा वाडगा हातात धरला, थोड्या वेळाने तसाच खाली ठेवला.

पाच माणसं झोपली, तरी एकाची जागा उरली.

सकाळी काका कुंपणाकडे तंबू सोडवायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामागे गेला. कापड तारांत अडकलं होतं. दोघांनी दोन्ही बाजूंनी ते सोडवायला सुरुवात केली. बऱ्यापैकी निघाल्यावर तो म्हणाला, "काका, काल आम्हाला ऐकू आलं होतं."

काका तारेतून कापड काढत राहिले.

"मी दारातच होतो. चेन मी..."

"धरली होतीत," काका म्हणाले. "माहीत आहे. लिफ्टची दारं तपासण्यात आयुष्य गेलं माझं. दार अडकलंय की कुणी धरलंय, ते हाताला कळतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारेचं टोक बोटात घुसलं होतं, तेही त्याला नंतर दिसलं.

"मग काल तुम्ही वारा होता असं का म्हणालात?"

"तुमच्या बायकोने म्हटलं, मी हो म्हटलं. चारचौघांत काय भांडायचं? शिवाय रात्र काढायची होती कुठेतरी. हिचा गुडघा सुजलेला, अंगावर धड कपडा नाही. अशा वेळी मानी होऊन चालत नाही."

"मला माफ करा," तो म्हणाला.

काकांनी कापड झटकलं. "मी केलं म्हणा हवं तर. माझं काय, मी विसरतोही लवकर. तिचं मात्र तसं नाही. ती रागावली आहे, आणि ती रागावली की रागावलेलीच राहते."

"मी त्यांच्याशी बोलू?"

"बोला. पण तिने बरं म्हणावं म्हणून जाऊ नका. ती म्हणायची नाही."

तो परत आला तेव्हा काकू तंबूबाहेर घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. कालचेच कपडे, अर्धवट वाळलेले, पुन्हा अंगावर चढवले होते. बायकोने दिलेले लोकरी कपडे मांडीवर घेऊन त्यांची नीट घडी घालत होत्या. तो पुढ्यात उकिडवा बसला.

"काकू, मला तुमच्याशी..."

"बोला. मला ऐकू येतं."

त्याने सगळं सांगितलं. कारणं सांगायची नाहीत असं ठरवून आला होता, तरी दोन-तीन निघालीच. त्या घडी घालत ऐकत राहिल्या.

"खिडकीच्या जाळीतून तुमचा हात दिसत होता मला," त्या म्हणाल्या. "मी यांना आधीच म्हटलं होतं, नको, चला गाडीकडे जाऊ. तर हे म्हणाले, छे, दातवाले आहेत ना. चांगला माणूस आहे. विश्वासाने आले होते हे." त्यांनी बाहीची सुरकुती हाताने दाबून बसवली. "मग तुम्ही उघडलं नाहीत आणि हे मला म्हणाले, झोपलेत वाटतं. मला वाईट वाटू नये म्हणून. आम्ही एकमेकांशी असं बोलत नाही. तुमच्यापायी त्यांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं. भिजण्याचं काही नाही. गुडघा काय, बरा होईल."

"चूक झाली माझी."

"हो," काकू म्हणाल्या. घडी केलेले कपडे त्यांनी त्याच्या हातात दिले. "बायकोला सांगा, कपडे ऊबदार होते."

बायको मागे दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काकू लंगडत काकांकडे गेल्यावर ती त्याच्या हाताला धरून त्याला आत घेऊन आली.

"झालं समाधान? मी त्यांच्यासमोर वाऱ्याचं सांगितलं, आणि तू जाऊन मला खोटं पाडलंस."

"तू खोटंच बोललीस."

"तुझ्यासाठी बोलले! तू तिथे ठोंब्यासारखा उभा होतास, कुणीतरी काहीतरी बोलायला नको?" मग आवाज उतरला. "आता त्यांच्या समोरून कशी जाऊ मी?"

"मी तिकडच्या बाजूने जाणार आहे," मेहुणी आतल्या खोलीतून म्हणाली. "मी ठरवलंय. लांब पडलं तरी."

काल वादळाने राहिलेला एका जुन्या गायिकेचा कार्यक्रम सकाळी झाला. काकू दरवर्षी तिच्यासाठीच येत, असं काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याने आयोजकांच्या माणसाकडून चाकाची खुर्ची मिळवली आणि ढकलत काकांच्या कोपऱ्यापर्यंत आणली. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि काकांच्या खांद्यावर हात टाकून चालू लागल्या. लोक वाट करून देत होते. रिकामी खुर्ची परत ढकलत नेताना चाकं चिखलात रुतत होती, आणि येणारा-जाणारा त्याला विचारत होता, कुणाला हवी होती का. "नाही," तो म्हणायचा, "नको होती." गाणं त्याला लांबून ऐकू आलं. लोक टाळ्या वाजवत होते. तो जाऊन ऐकू शकला असता, पण गेला नाही.

निघताना त्याने काकांना विचारलं, गाडीने सोडू का घरी. काका म्हणाले, नको, आमची आहे ना. त्यांनी हात पुढे केला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला, आणि धरल्यावर सोडायचा कधी ते त्याला कळेना. शेवटी काकांनीच दुसऱ्या हाताने थोपटून आपला हात सोडवून घेतला. काकू गाडीत पुढे बघत बसल्या होत्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे त्याच्या आईकडे जेवायला जमले. मोठा भाऊ, वहिनी, आई. वादळाची बातमी आईपर्यंत पोचली होती. बायको सांगायला लागली आणि छान सांगायला लागली. गारा, थरथरणारा तंबू, कुंपणाला गुंडाळलेलं कापड.

"आणि मग शेजारचे काका-काकू रात्री आमच्याकडेच झोपले," ती म्हणाली आणि थांबली.

"बरं झालं मोठा तंबू घेतलास," भाऊ म्हणाला.

"बिचारे," आई म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून."

मेहुणी उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा जग भरलेलाच होता.

"आई, ते आधी आले होते तेव्हा मी उघडलं नव्हतं," तो म्हणाला. "ते बाहेर उभे होते. मी आतून चेन धरून ठेवली."

ताटांवरचे हात थांबले. मग आई म्हणाली, "वादळात माणसाला काय सुचतं रे! नंतर घेतलंस ना आत?"

"आणि अनोळखी माणसं," वहिनी म्हणाली. "हल्ली कुणाचा काय भरवसा."

"अनोळखी नव्हते," तो म्हणाला. "आमचा तंबू त्यांनीच ठोकून दिला होता."

"जाऊ दे आता, जेव," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात न विचारता वाढलं. भाऊ विचारायला लागला की असा तंबू मिळतो कुठे, पुढच्या वेळी आम्हीही येतो. सगळे पुन्हा बोलायला लागले. त्याच्या गळ्याशी अजून बरंच काही होतं, जाळीचं, काकूंनी घातलेल्या घडीचं. पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. त्याला एकदम काकूंची आठवण झाली. त्यांनी "हो" म्हटलं होतं. झाली चूक, हो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, तंबू ओलाच गुंडाळून ठेवलाय, वास मारायला लागलाय. दोघं तो गच्चीवर घेऊन गेले. दोरीवर एका वेळी मावेना, मग कठड्यावर पसरला. खालच्या कडेला चिखल वाळून कडक झाला होता. ती ब्रशने खरवडायला लागली. तो दुसऱ्या बाजूने पाणी मारत होता.

"मी काय म्हणते," ती मान वर न करता म्हणाली, "मला सगळं ऐकू आलं होतं. काकूंना तरी घ्या, म्हणाले ना, तेही."

"माहीत आहे."

"मी फक्त तुझ्याकडे बघत बसले."

त्याने नळ बंद केला. ती सरकली, त्याला बसायला जागा केली, आणि दुसरा ब्रश त्याच्याकडे सारला. दोघं ऊन उतरेपर्यंत चिखल खरवडत बसले.